माणूस कसा पडला ते आधी पाहावे : स्मृतिभ्रंशाचे प्रकार आणि पडण्याचा धोका

खानापूर तालुक्यातून आपण पाठवलेल्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतर वाचकांनाही पुढचे उत्तर समजेल. घरात दोन वृद्ध माणसे असून दोघांनाही स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, असल्याचे सांगण्यात आले आहे. सासरे ७८ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांचा विसराळूपणा गेल्या दीड वर्षातला असून एखाद्या दिवशी तो फार वाढतो, तर दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्र वाचून त्यावर नीट बोलतात. संध्याकाळी अंगणात लहान मुले खेळताना दिसतात असे ते सांगतात, चालताना पाय घासतात, आणि झोपेत ओरडण्याची व हातपाय झाडण्याची सवय तर कित्येक वर्षांची आहे. गेल्या दोन महिन्यांत ते तीनदा पडले : एकदा पहाटे अंथरुणातून उठताना, एकदा न्हाणीघरात आणि एकदा उंबरठ्यापाशी, नातवाने मागून हाक मारली म्हणून वळताना. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आपल्या आतेसासूबाई, ८१ वर्षांच्या असून त्यांना पाच वर्षांपासून अल्झायमर आहे. घरातल्यांची नावेही त्यांना आठवत नाहीत, पण त्या भरभर चालतात आणि आजवर एकदाही पडलेल्या नाहीत. आपण विचारता की ज्यांचा आजार जुना आणि वाढलेला त्या पडत नाहीत, मग ज्यांचा आजार नवा तेच का पडतात, आणि सासऱ्यांना रात्रीपुरते पलंगाला बांधून ठेवावे का.

बांधण्याविषयीचे उत्तर लगेच देतो : बांधू नये. त्याची कारणे पुढे येतील. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की माणूस किती विसरतो यावरून तो किती पडेल हे ठरत नाही. स्मृतिभ्रंश हे अनेक आजारांना मिळून दिलेले एकच नाव आहे. त्यांतला कोणता आजार मेंदूच्या कोणत्या भागाला आधी गाठतो यावर तोल, चाल, रक्तदाब, नजर आणि भान यांपैकी काय आधी बिघडेल हे अवलंबून असते. म्हणून कोणी पडल्याचे कळले की मी घरच्यांना स्मरणशक्तीबद्दल नंतर विचारतो. त्याआधी विचारतो की माणूस किती वाजता पडला, काय करताना पडला, पुढे पडला की मागे, पडण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली का, आणि पडल्यावर त्याला सगळे आठवत होते का. या उत्तरांतून कारण तर सापडतेच, पण पुष्कळदा आजाराचा प्रकारही ओळखू येतो.

स्मृतिभ्रंश असलेली माणसे समवयस्क निरोगी माणसांपेक्षा खूपच जास्त पडतात. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे प्रमाण सुमारे आठपट आढळले, आणि त्यातही लेवी बॉडी प्रकारच्या (मेंदूच्या पेशींत प्रथिनाच्या बारीक गाठी साठून होणाऱ्या) व पार्किन्सन, म्हणजे कंपवात, या आजारातून आलेल्या स्मृतिभ्रंशाचे रुग्ण सर्वांत जास्त पडत होते. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख माणसांना, म्हणजे या वयाच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना, स्मृतिभ्रंश असावा असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यामुळे आपल्या घरातली अडचण एकट्या आपल्या घरातली नाही, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या हजारो घरांतली आहे.

नुसत्या पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही. तरीही सासऱ्यांचे वर्णन वाचून लेवी बॉडी प्रकाराचा विचार प्रथम करावा लागतो. दिवसागणिक कमीजास्त होणारे भान, स्पष्ट दिसणारी माणसे किंवा मुले, पाय घासत चालणे, आणि स्वप्नातली भांडणे झोपेत प्रत्यक्ष हातपाय चालवून करणे, ही त्या आजाराची चार मुख्य लक्षणे आहेत. यांतले झोपेतले लक्षण विसरण्याच्या कितीतरी वर्षे आधी दिसू शकते, आणि घरचे ते ‘त्यांना पहिल्यापासूनच सवय आहे’ म्हणून सोडून देतात. वारंवार पडणे हेही या आजाराच्या निदानाला पुष्टी देणारे लक्षण मानले जाते.

या आजारात माणूस तीन वेगवेगळ्या वाटांनी पडतो, आणि आपल्या सासऱ्यांच्या वर्णनात त्या तिन्ही वाटा दिसतात. पहिली वाट रक्तदाबाची. निरोगी माणूस उठून उभा राहिला की शरीर आपोआप रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सांभाळते. लेवी बॉडी आणि पार्किन्सनमध्ये ही आपोआप चालणारी व्यवस्थाच बिघडते, आणि पहाटे अंथरुणातून ताडकन उठले की मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. घरच्यांना तो तोल गेल्यासारखा दिसतो. दवाखान्यात खुर्चीवर बसवून घेतलेला रक्तदाब उत्तम निघतो, म्हणून हे कारण निसटते. घरी यंत्र असेल तर सकाळी त्यांना पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजा, मग आधार देऊन उभे करा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर कारण सापडले असे समजून तो कागद डॉक्टरांकडे घेऊन जा. उभे करताच त्यांना कसे वाटते तेही लिहा. काही जण ‘चक्कर’ म्हणत नाहीत. मान आणि खांदे भरून आले, पायांत गोळे आले, धूसर दिसले, असे सांगतात.

न्हाणीघरातले पडणे बहुधा याच वाटेचे. आपल्याकडे बंबातले कढत पाणी, कोंडलेली वाफ, आणि पाटावर उकिडवे बसून अंगावर पाणी घेण्याची रीत. कढत पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, दाब उतरतो, आणि तशात माणूस पाटावरून उठून टॉवेलसाठी हात वर करतो. माझ्याकडे आलेल्या एका घरात हे सगळे डोळ्यांपुढे घडले होते. आजोबा उठले, त्यांनी दोरीवरच्या पंचाकडे हात नेला, नजर वर गेली आणि ते काही न बोलता सरळ मागे गेले. साबणामुळे पाय घसरला असे घरचे म्हणत होते, पण पाय जागचे हलले नव्हते. घसरलेल्या माणसाचे पाय आधी जातात, दाब उतरलेल्या माणसाचे आधी भान जाते. हा फरक पाहणाऱ्याला सांगता येतो आणि तो सांगावा, कारण पहिल्यात फरशी बदलायची असते आणि दुसऱ्यात औषधे. जेवणानंतरच्या तासा-दोन तासांतही या रुग्णांचा दाब उतरतो, म्हणून भरपेट भात जेवून लगेच उठणेही टाळावे.

दुसरी वाट पार्किन्सनसारख्या ताठरपणाची. पाऊल लहान होते, हात हलत नाहीत, आणि वळताना शरीर एकसंध वळते, पाय मागे राहतात. दारात, अरुंद जागेत किंवा कोणी हाक मारली की पाऊल जागच्या जागी अडते. नातवाच्या हाकेने सासरे पडले ते असे. चालणे आणि बोलणे ही दोन कामे एकाच वेळी करण्याइतके लक्ष ज्या मेंदूकडे उरलेले नसते, तो बोलायला लागला की चालणे सोडतो. स्वीडनमधल्या १९९७ च्या एका अभ्यासात हेच साधे निरीक्षण नोंदवले होते की जे वृद्ध बोलण्यासाठी चालता चालता थांबतात ते पुढे जास्त पडतात. त्यामुळे घरातल्या सर्वांनी, मुलांनीही, एक नियम पाळावा : आजोबा चालत असताना मागून हाक मारायची नाही. समोर यावे, ते थांबले की बोलावे.

तिसरी वाट भानाच्या चढउताराची आणि दिसणाऱ्या गोष्टींची. अंगणातल्या मुलांना हाकलायला किंवा जेवायला बोलवायला ते उठतात. त्यांना ‘तिथे कोणी नाही’ म्हणून पटवण्याचा हट्ट धरू नये, त्याने ते जास्तच उठतात. संध्याकाळी सोप्यात आणि अंगणात भरपूर उजेड ठेवला, खुंटीवरचे कपडे आणि इरले काढून ठेवले, तर दिसणे पुष्कळ कमी होते, कारण अर्धवट उजेडात मेंदू आकारांची माणसे करतो. मोतीबिंदू पिकला असेल तर त्याची शस्त्रक्रिया लांबवू नये.

आता आत्याबाईंकडे वळतो. अल्झायमरमध्ये सुरुवातीची काही वर्षे स्मरण जाते, पण चालण्याची यंत्रणा बरीचशी शाबूत राहते. म्हणून त्या भरभर चालतात. त्यांचा धोका पायांत नसून निर्णयात आहे. ओली शेवाळलेली पायरी पाहिली तरी तिचा अर्थ लागत नाही, जिन्याची शेवटची पायरी संपली की नाही हे नजरेला कळत नाही, दारातले काळे पायपुसणे खड्ड्यासारखे वाटते आणि ते ओलांडायला त्या लांब पाऊल टाकतात. त्या शिवारात जायला निघतात असे आपण लिहिले आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात बांधावरचा तांबडा चिखल धडधाकट माणसालाही उभा राहू देत नाही. आजवर पडल्या नाहीत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये, कारण आजार वाढेल तसा त्यांचाही तोल जाणार आहे, आणि अल्झायमरच्या रुग्णाचे पडणे संख्येने कमी असले तरी खुब्याचे हाड मोडण्याचा धोका त्यांना मोठा असतो. वय, बाईमाणूस असल्यामुळे ठिसूळ झालेली हाडे, घटलेले वजन आणि पडताना हात वेळेवर पुढे न येणे, हे सगळे त्यात एकत्र येते.

तिसरा प्रकार आपल्या घरात नाही, पण या भागात पुष्कळ आहे. तो म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने येणारा स्मृतिभ्रंश. वर्षानुवर्षे न सांभाळलेला रक्तदाब, मधुमेह, बिडी आणि तंबाखू ही त्याची मुळे. निपाणीच्या तंबाखूवर ज्या घरांची पिढ्यान् पिढ्या गुजराण झाली त्या घरांतही ही गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लकवा होऊन गेलेला असेल तर एक बाजू कमजोर राहते आणि माणूस त्याच बाजूला पडतो, हे समजायला सोपे. पण बारीक रक्तवाहिन्यांचा आजार लकव्याशिवायही येतो. पाय फाकवून, लहान पावले टाकत, जमिनीला चिकटल्यासारखी चाल होते, वरचे अंग मात्र मोकळे असते, हात छान हलतात. अशा रुग्णांत रक्तदाब फार खाली आणण्याच्या नादात उभे राहिल्यावरचा दाब उतरतो, म्हणून त्यांचेही उभ्याने मोजमाप झालेच पाहिजे.

कमी आढळणाऱ्या प्रकारांपैकी तीन थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षातच वारंवार मागच्या मागे पडणारा, जिना उतरताना खाली पाहता न येणारा आणि ताठ मानेने टक लावून बघणारा रुग्ण दिसला, तर पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) नावाच्या आजाराचा विचार करावा लागतो. कपाळामागच्या भागाचा, म्हणजे फ्रंटोटेम्पोरल प्रकारचा स्मृतिभ्रंश तुलनेने कमी वयात येतो. त्यात चाल सुरुवातीला चांगली असते, पण धोक्याचे भय जाते, माणूस चालत्या गाडीसमोर जातो, गच्चीच्या कठड्यावर चढतो. तिसरा प्रकार प्रत्येक घराला माहीत असावा, कारण त्याला उपाय आहे : मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठणे. पाय जमिनीवरून उचलता न येणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विसरणे अशी तीन लक्षणे त्यात येतात, आणि चाल बहुधा आधी बिघडते. १९६५ पासून हा आजार वैद्यकाला नीट माहीत आहे आणि योग्य वेळी नळी बसवून पाणी वळवले तर निवडक रुग्णांची चाल लक्षणीय सुधारते. चाल आधी बिघडली आणि विसरणे मागाहून आले, असे असेल तर मेंदूचे स्कॅन झाल्याशिवाय ‘म्हातारपण आहे’ हे उत्तर स्वीकारू नये.

औषधांचा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, आणि सीमाभागात तो अधिकच गुंतागुंतीचा होतो. एकाच घरातला माणूस हृदयासाठी बेळगावला, हाडांसाठी मिरजेला, डोळ्यांसाठी कोल्हापूरला आणि खानापूरकडचा असेल तर मेंदूसाठी गोव्यात बांबोळीला दाखवलेला असतो. प्रत्येक ठिकाणी वेगळी फाइल, प्रत्येक डॉक्टरला बाकीच्यांची चिठ्ठी माहीत नाही, आणि घरी एकाच डब्यात सगळ्यांच्या गोळ्या. त्यांत दोन नावांनी एकच औषधही दोनदा जाते. आपण असे करा : घरातली प्रत्येक पट्टी, मलम, पुडी, काढा, डोळ्यांचे थेंब, सगळे एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, की यातले कोणते पडायला कारण होते.

त्या पिशवीत काय शोधावे ते सांगतो. झोपेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या. सर्दीवर आणि खाजेवर दिली जाणारी गुंगी आणणारी जुनी औषधे. मधुमेहातली ग्लिमेपिराइड, कारण जेवण चुकले की साखर उतरते आणि स्मृतिभ्रंशात जेवण चुकतेच. स्मरणशक्तीसाठी दिलेले डोनेपेझिल उपयोगी आहे, पण त्याने काही जणांची नाडी फार मंद होते आणि भोवळ येते, तेव्हा नाडी मोजून ईसीजी काढणे योग्य.

यापेक्षाही एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ‘चक्कर येते’ म्हटले की प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनॅरिझिन आणि मळमळ म्हटली की मेटोक्लोप्रमाइड लिहिण्याची पद्धत सर्वत्र आहे. ही औषधे महिनोन्‌महिने घेतली तर हातापायांचा ताठरपणा स्वतःच निर्माण करतात. लेवी बॉडी किंवा पार्किन्सनच्या रुग्णाला चक्करेसाठी दिलेली गोळीच त्याला पाडते, आणि पडला म्हणून तीच गोळी चालू राहते. आपण लिहिता की मुले दिसतात म्हणून रात्रीची एक गोळी सुरू केली आणि तेव्हापासून ते जास्त ताठ झाले. ती गोळी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिन यांच्या जातीची आहे का, ते पट्टीवर वाचा. लेवी बॉडीच्या बऱ्याच रुग्णांना ही औषधे सोसत नाहीत, ताठरपणा, गुंगी आणि गोंधळ अचानक वाढतो, कधी जिवावर बेतते. अशी गोळी असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आजच त्या डॉक्टरांना फोन करून ‘गोळीनंतर ताठ झाले आणि पडले’ हे याच शब्दांत सांगा. बाकीच्या गोळ्या, विशेषतः बऱ्याच काळापासूनच्या झोपेच्या, मनाने एकदम बंद करू नका. त्या हळूहळू उतरवाव्या लागतात.

बांधण्याविषयी. रात्री बांधलेला माणूस सुटण्याची धडपड करतो, कठड्यावरून जातो आणि जास्त उंचीवरून पडतो. दोरी गळ्याला किंवा छातीला आवळून मृत्यू झालेले आहेत. बांधून ठेवल्याने मांड्यांची ताकद दिवसागणिक घटते, पाठीला शय्याव्रण होते, गोंधळ वाढतो. आपला हेतू मायेचा आहे हे मला कळते, दिवसभर राबून रात्री तीनदा उठणाऱ्या सुनेची दमछाकही कळते. म्हणून पर्याय सांगतो. पलंग इतका ठेंगणा असावा की कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. ते झोपेत हातपाय झाडतात म्हणून पलंगाच्या बाजूला जमिनीवर गादी पसरा आणि टेबल, कंदील, पितळी तांब्या दूर ठेवा. लघवीसाठी परसदारी जाणे रात्री बंद करून पलंगाजवळ भांडे किंवा कमोड खुर्ची ठेवा, झोपण्यापूर्वी आणि पहाटे ठरल्या वेळी आपणहून न्या, कारण रात्रीच्या उठण्यामागे बहुतेक वेळा लघवीच असते. दाराला घुंगरू बांधले तर ते उठल्याचे घरात कळते, आणि आत्याबाई बाहेर पडल्या तरी तेच घुंगरू उपयोगी पडते. उठताना आधी पलंगावरच पाय हलवणे, मग दोन मिनिटे कडेला बसणे, मग उभे राहणे, ही सवय लावावी. ती ते विसरतील, म्हणून सोबतच्याने दर वेळी सांगावी. रात्रीची जाग घरातल्या पुरुषांनीही वाटून घेतली पाहिजे.

घराबाबत जुन्या कौलारू घरांची अडचण वेगळी. उंच उंबरठे, माजघरातला अंधार, सोप्यावरून अंगणात उतरणारी दगडी पायरी, आणि पावसाळ्यात चार महिने ओल धरणारी शहाबादी फरशी. उंबरठा काढायचा की ठेवायचा हे दोघांसाठी सारखे नाही. पाऊल अडणाऱ्या सासऱ्यांना जमिनीवरची ठळक आडवी रेघ उलट पाऊल उचलायला मदत करते, म्हणून उंबरठ्याच्या कडेला चुन्याचा किंवा पिवळ्या रंगाचा पट्टा ओढा आणि बाजूला धरायला लाकडी मूठ बसवा. आत्याबाईंसाठी मात्र दारातली गडद पायपुसणी, ठिपक्यांच्या सतरंज्या आणि फरशीवरचे चित्रविचित्र नक्षीकाम काढून टाका. न्हाणीघरात पाटाऐवजी हात असलेली भक्कम खुर्ची, भिंतीत पक्की पकड, पंचा हाताशी, पाणी कोमट आणि कडी आतून लागणार नाही अशी व्यवस्था हवी. पायात काय आहे तेही पाहा. अथणी आणि निपाणीकडे तयार होणारी कोल्हापुरी चप्पल हा आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे, पण मागे पट्टा नसलेली, गुळगुळीत तळाची चामडी चप्पल ओल्या अंगणात या वयाला घातक ठरते. टाच धरणारी, पातळ पण घट्ट तळाची पादत्राणे द्यावीत. नऊवारीचा लोंबणारा ओचा आणि धोतराचा सोगा घोट्याच्या वर राहील असा आवरावा.

इतके करूनही माणूस पडू शकतो, तेव्हा काय करावे हे आधीच ठरलेले असावे. लगेच बगलेत हात घालून उचलू नये. एक पाय आखूड दिसत असेल आणि तळवा बाहेर वळला असेल, तर खुब्याचे हाड मोडले असे धरून १०८ ला फोन करावा. स्मृतिभ्रंशात वेदना नेमकी सांगता येत नाही, काही जण मोडलेल्या खुब्यावरही दोन पावले टाकतात आणि मग चालणे बंद करतात. म्हणून ‘दुखत नाही म्हणाले’ यावर विसंबू नये. चेहरा आक्रसणे, हात लावू न देणे, कण्हणे, जेवण सोडणे हे त्यांचे सांगणे आहे. आपल्या भागात हाडवैद्यांवर लोकांचा विश्वास आहे, तो मी तोडू पाहत नाही, पण खुब्याचे मोडलेले हाड पट्टी बांधून जुळत नाही. त्याला शस्त्रक्रिया लागते आणि ती शक्यतो ४८ तासांच्या आत झालेली बरी. खुबा मोडल्यानंतर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण साधारण २० ते ३० टक्के असते, स्मृतिभ्रंश असेल तर त्याहून जास्त, आणि अंथरुणावर घालवलेला प्रत्येक दिवस ते वाढवतो.

डोक्याला मार लागला असेल आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन चालू असेल, तर वरून जखम नसली तरी स्कॅन करून घ्यावा. मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त सावकाश झिरपत राहते आणि दोन-चार आठवड्यांनी माणूस झोपाळू, जास्त गोंधळलेला किंवा एका बाजूने कमजोर होतो. घरच्यांना वाटते स्मृतिभ्रंश वाढला. तो सहसा असा अचानक वाढत नसतो. काही दिवसांत झालेला बदल म्हणजे बहुधा दुसरे काहीतरी घडले आहे, मग ते रक्त असेल, लघवीचा जंतुसंसर्ग असेल, नाहीतर नवी गोळी.

रुग्णालयात दाखल करावे लागले तर घरचे एक माणूस रात्रंदिवस उशाशी असावे, आणि याचे आपल्या भागात खास कारण आहे. परिचारिका कन्नडमध्ये ‘उठू नका’ सांगतात, एरवी कन्नड समजणाऱ्या वृद्धालाही शस्त्रक्रियेनंतरच्या भ्रमात फक्त घरची मराठीच कळते, आणि तो नळ्या ओढून उठतो. यात कोणाचा दोष नाही. आपण सोबत राहावे, चष्मा आणि कानातले यंत्र न्यावे, नळ्या लागतील तितक्याच ठेवायला सांगावे. स्मरणशक्तीची चाचणीही त्यांच्या मातृभाषेत व्हावी असा आग्रह धरावा, नाहीतर गुण उगाच कमी पडतात.

हाडांसाठी जीवनसत्त्व ड ची पुडी घरोघरी असते. कमतरता असेल तर ती भरून काढावी, पण ६०,००० युनिटची पुडी तपासणीशिवाय वर्षानुवर्षे दर आठवड्याला घेऊ नये. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे दोन्ही वाढले. शाकाहारी घरात बी-१२ जरूर तपासावे, त्याच्या कमतरतेने तोलही जातो आणि स्मरणही. आत्याबाईंच्या हाडांची घनता मोजून घ्या. खुबा एकदा मोडलेल्यांना वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक ॲसिड पुढचे मोडणे कमी करते, हे २००७ पासून सिद्ध आहे, तरी शस्त्रक्रियेनंतर ते विचारणारे फार थोडे. विचारावे.

व्यायामाबद्दल लोकांना वाटते की विसरणाऱ्याला तो शिकवून काय उपयोग. फिनलंडमध्ये अल्झायमरच्या रुग्णांना फिजिओथेरपिस्टने आठवड्यातून दोनदा घरी येऊन वर्षभर व्यायाम दिला, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे पडणे इतरांच्या जवळपास निम्म्यावर आले. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका रेषेत पावले टाकणे, हे रोज ठरल्या वेळी, शेजारी उभे राहून, शब्दांपेक्षा करून दाखवून घ्यावे. शब्द विसरले तरी अंगाला सवय लागते. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला १२ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर धोका आहे असे समजतात. दर महिन्याला घड्याळ लावून हा आकडा एका वहीत लिहीत जा. पडण्याची नोंदही त्याच वहीत, वेळ, जागा, दिशा आणि त्या दिवशीच्या गोळ्यांसह. सासऱ्यांना पुढच्या वेळी मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेताना ती वही, उभ्या-आडव्या रक्तदाबाचा कागद आणि औषधांची पिशवी सोबत न्या, आणि झोपेत ओरडण्याची सवय किती वर्षांची आहे हे सासूबाईंनाच सांगू द्या.